गॅदरिंग म्हटलं की मला दोर आठवतो

बाकीच्यांच्या गॅदरिंगला नाटक, गाणी, डान्स. आमच्या जहाजी ट्रेनिंगच्या शाळेतपण हे सगळं व्हायचं, पण संध्याकाळी, आणि खरं सांगू का, त्यातलं मला काहीच धड आठवत नाही. आठवते ती सकाळ. डोळ्यांवर रुमाल बांधून गाठी मारायच्या, बोलाइन, क्लोव्ह हिच, शीट बेंड, आणि गाठ तपासायला सर नाहीत तर आपलाच पार्टनर, तोही बोसन्स चेअरवर बसून, म्हणजे फळीच्या झोपाळ्यावर बसवून त्याला वर ओढायचं (सेफ्टीचा वेगळा दोर असायचा हो, तरीपण पोटात गोळा यायचाच).

पहिल्या वर्षी माझ्या बोलाइनचं शेपूट, म्हणजे गाठीबाहेर उरलेलं दोराचं टोक, बोटभरच उरलेलं (आखूड असलं की गाठ सुटायची भीती). सरांनी पार्टनरला उतरवलं आणि मला एवढंच म्हणाले, "आता तू बस." माझ्याच गाठीवर! मी गपचूप गाठ सोडली, वीतभर शेपूट ठेवून परत मारली, मग बसलो. ओरडले असते तर दोन दिवसांत विसरलो असतो.

दुपारी ड्रिलची शर्यत. सात छोटे भोंगे आणि एक लांब वाजला की असाल तिथून मस्टर स्टेशनला, म्हणजे संकटात सगळ्यांनी जमायच्या जागी, पळायचं, लाइफजॅकेट एका मिनिटात अंगावर, आणि गंमत अशी की घड्याळ पहिल्यावर नाही, टीममधला शेवटचा पोरगा पोचला की थांबायचं, त्यामुळे आमचा सगळ्यात दांडगा गडी दर वर्षी मागे वळून कुणाचे तरी पट्टे बांधत बसलेला असायचा.

मग भाषण. एक सीनियर सर दर वर्षी तीच गोष्ट सांगायचे, १९४१ साली वेल्समधल्या अॅबरडोव्हीला शिक्षणतज्ज्ञ कुर्ट हान आणि जहाज कंपनीवाले लॉरेन्स होल्ट यांनी आउटवर्ड बाउंड, म्हणजे तरुणांना कणखर बनवणारी ट्रेनिंगची शाळा, कसं सुरू केलं ती. युद्धात बोटी बुडाल्यावर लाइफबोटीत तरणी पोरं आधी हाय खातात आणि शिडाच्या जहाजांवर मुरलेले म्हातारे टिकतात, असं होल्टचं मत होतं म्हणे. आम्ही जांभया द्यायचो. पुढे स्वतः जहाजावर गेल्यावर ती गोष्ट आपोआप आठवायला लागली, ते वेगळं.

गेल्या वर्षी मेळाव्याला तोच पार्टनर भेटला, आता पार टक्कल. कुणीतरी टेबलावर दोराचा तुकडा टाकला, मी गप्पा मारता मारता बोलाइन मारली, तर ह्या पठ्ठ्यानं तोंडातलं वाक्य अर्धवट सोडून आधी शेपूट मोजलं.