हाडांचं इंजेक्शन : सुरू करताना आणि बंद करताना

ठिसूळ झालेल्या हाडांसाठीचं डेनोसुमॅबचं इंजेक्शन दर सहा महिन्यांनी घ्यायचं, दंडात किंवा पोटावर टोचतात, काम दोन मिनिटांचं असतं, हे मला पहिल्याच भेटीत कळलं. ते मध्येच बंद केलं तर काय होतं, हे मात्र विचारून विचारून काढून घ्यावं लागलं. आता मी त्या औषधातून बाहेर पडण्याच्या टप्प्यावर आहे. ज्यांना नुकतंच "इंजेक्शन सुरू करू या" असं सांगितलं गेलंय, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितेय.

माझं निदान उशिरा झालं. कपाटाचा खालचा खण वाकून ओढताना पाठीत कळ आली आणि ती राहिलीच. स्नायू आखडलाय, वयानं होतंच, असं ऐकत मी बराच काळ दुखण्याच्या गोळ्यांवर काढला. शेवटी एक्स-रे निघाला. डॉक्टरांनी तो उजेडावर धरून कण्यावरून बोट खाली आणलं आणि एका मणक्यावर थांबवलं. वरचे-खालचे सगळे मणके चौकोनी होते; हा पुढून चेपून बुटका झाला होता आणि मागून उंच राहिला होता. मी कुठे पडले नव्हते, काही आदळलं नव्हतं.

मग हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन झाला. कण्याचा टी-स्कोअर, म्हणजे निरोगी तरुण हाडाच्या तुलनेत घनता किती कमी ते सांगणारा आकडा, उणे ३.२ आला. उणे २.५ किंवा त्याखाली गेला की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार, हा निकष जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ साली घालून दिलेला आहे. डॉक्टर म्हणाले, "तुमचा आकडा उणे दोन असता तरी मी औषध दिलंच असतं. न पडता मणका मोडलाय, एवढं पुरे आहे." एक मणका मोडला की दुसरा मोडण्याचा धोका पुढच्या वर्षा-दोन वर्षांत सर्वांत जास्त असतो. ते ऐकल्यावर "औषध नको, व्यायामावर बघू" हा विचार मी सोडून दिला. व्यायाम करतेच, पण तो औषधाच्या जोडीला.

इंजेक्शन लगेच मिळालं नाही, आणि ते बरंच झालं. आधी रक्ताच्या तपासण्या झाल्या : कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, किडनीसाठी क्रिएटिनिन, थायरॉइड, पॅराथायरॉइड, शिवाय हाडं पोखरणारा दुसरा काही आजार नाही ना हे पाहणाऱ्या चाचण्या. माझं ड जीवनसत्त्व फारच कमी निघालं. ते भरून निघेपर्यंत थांबायला लावलं, कारण हे इंजेक्शन हाडांतून कॅल्शियम सुटणं एकदम रोखतं आणि साठा आधीच कमी असेल तर रक्तातलं कॅल्शियम घसरतं. ओठांभोवती नि बोटांत मुंग्या, पायात पेटके ही त्याची लक्षणं. ज्यांची किडनी फार खराब झाली आहे, विशेषतः जे डायलिसिसवर आहेत, त्यांच्यात हे जिवावर बेतू शकतं. म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जानेवारी २०२४ मध्ये या औषधावर सर्वांत कडक असा चौकटीतला इशारा घातला. किडनीचा रिपोर्ट न बघता कोणी हे इंजेक्शन द्यायला निघालं, तर तिथेच थांबवून विचारावं.

दुसरी पायरी दातांची. या औषधांनी क्वचित जबड्याचं हाड उघडं पडतं आणि आठवडेच्या आठवडे भरून येत नाही. बहुतेकदा दात काढल्यावर. ऑस्टिओपोरोसिससाठी जो डोस देतात त्यावर हे फार विरळ आहे. कॅन्सर हाडात पसरलेल्यांना हीच औषधं कितीतरी जास्त प्रमाणात आणि वारंवार द्यावी लागतात, तिथे ते बरंच जास्त दिसतं. लोक भयंकर फोटो पाहून घाबरतात, ते बरेचसे त्या रुग्णांचे असतात. माझी एक दाढ हलत होती. ती आधीच काढून घेतली, जखम पूर्ण भरल्यावर डेन्टिस्टने तसं लिहून दिलं आणि मगच पुढे गेलो.

औषध कोणतं, यावर डॉक्टरांनी बराच वेळ दिला. झोलेड्रोनिक ॲसिड वर्षातून एकदा सलाइनमधून देतात. टेरिपॅराटाइड रोज स्वतःच टोचायचं असतं आणि ते हाड नव्याने बांधतं. माझा मणका मोडलेला असल्यामुळे खरं तर त्याचाच विचार आधी झाला होता. पण मला पूर्वी एका आजारासाठी किरणोपचार झाले आहेत. या औषधाने प्रयोगातल्या उंदरांना हाडाचा कॅन्सर झाला होता. माणसांत तो धोका दिसला नाही म्हणून २०२० साली अमेरिकेत त्यावरचा चौकटीतला इशारा काढला गेला, तरी हाडांवर किरणोपचार झालेल्यांना ते टाळतातच. रोमोसोझुमॅब दर महिन्याला, एक वर्षभरच. ज्यांना वर्षभरात हार्ट ॲटॅक किंवा पक्षाघात येऊन गेलाय त्यांना ते देत नाहीत. बोलत बोलत आम्ही डेनोसुमॅबवर आलो.

फायदा किती, तो टक्क्यांत नको, माणसांत सांगा असं मी म्हटलं. २००९ साली जो मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात साडेसात हजारांहून जास्त बायका होत्या. तीन वर्षांत नुसतं पाणी टोचलेल्यांपैकी शंभरातल्या साधारण सात जणींचा नवा मणका मोडला, औषध घेणाऱ्यांत शंभरातल्या दोघींचा. खुब्याच्या बाबतीत फरक हजारात बारा विरुद्ध सात असा होता. मणका आधीच मोडलेल्या माझ्यासारखीचा मुळातला धोका जास्त, म्हणून फायदाही जास्त, हे त्यांनी समजावलं. पुढे तोच अभ्यास एकूण दहा वर्षांपर्यंत नेला गेला. कण्याची घनता दहा वर्षांत सरासरी २१.७ टक्के वाढत गेली. त्या वाढीव सात वर्षांच्या टप्प्यात साडेचार हजार बायकांपैकी जबड्याचा त्रास १३ जणींना झाला आणि मांडीच्या हाडाचं विचित्र, फारसा मार न लागता होणारं फ्रॅक्चर दोघींना. हे आकडे ऐकल्यावर माझी भीती आटोक्यात आली. भीती गेली नाही, पण तिला माप मिळालं.

मग मी विचारलं, "हे किती वर्षं घ्यायचं?"

"पाच. कदाचित दहा."

"आणि मग?"

"मग नुसतं थांबता येत नाही."

या एका वाक्यावर आम्ही त्या भेटीत सर्वांत जास्त बोललो. हाड कायम थोडं थोडं खाल्लं जातं आणि पुन्हा भरलं जातं. खाणाऱ्या पेशी तयार व्हायला शरीरातला एक संदेश लागतो. डेनोसुमॅब तो संदेशच अडवतं. झोलेड्रोनिक ॲसिड हाडात जाऊन चिकटतं आणि बंद केल्यावरही काही वर्षं तिथे राहतं, म्हणून त्यात तीन-चार वर्षांनी सुट्टी देता येते. डेनोसुमॅब हाडात राहत नाही. सहा महिन्यांनी त्याचा असर उतरला की कोंडलेलं पाणी दार उघडताच सुटावं तशा अडकून पडलेल्या पेशी एकदम कामाला लागतात. हाड झिजण्याचा वेग औषधाआधी होता त्याहूनही वर जातो, आणि कमावलेली घनता वर्षा-दोन वर्षांत निघून जाते. काहींचे तर एकामागून एक अनेक मणके मोडतात, शेवटच्या इंजेक्शननंतर सात-आठ महिन्यांतसुद्धा. आधी मणका मोडलेल्यांना हा धोका अधिक.

मला हे कळलं ते मी विचारलं म्हणून. दवाखान्याच्या बाहेर बसलेल्या एका बाईंनी "बरं वाटतंय म्हणून मी सोडलं" असं सहज सांगितलं, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. त्यांना कुणीच काही सांगितलं नव्हतं. मी त्यांना तिथल्या तिथे डॉक्टरांकडे परत जायला लावलं. औषध लिहून देणाऱ्याने ते बंद करण्याचा बेतही त्याच कागदावर लिहायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

त्यानंतर तारीख हा विषय आमच्या घरात पक्का झाला. सहा महिने भरले की इंजेक्शन. काही अडचण आलीच तर फार तर महिनाभर इकडेतिकडे, त्यापलीकडे नाही. एकदा घरात लग्न होतं, सगळी धावपळ. धाकटी बहीण म्हणाली, "ताई, दोन महिन्यांनी घे ना, एवढं काय!" मी तिला बसवून सगळं समजावलं. पुढच्या वेळी तिनेच आठवण केली.

टोचण्याचं काम खरंच किरकोळ. भरलेली सिरिंज फ्रिजमध्ये असते. ती अर्धा तास आधी बाहेर काढून ठेवायची, गरम पाण्यात धरायची नाही, हलवायची नाही. औषध स्वच्छ दिसायला हवं. गढूळ असेल तर वापरायचं नाही. नर्स दंडाच्या मागच्या बाजूला चिमटीत कातडी धरायच्या आणि सावकाश दाबायच्या. त्यानंतर पंधरवड्याने एकदा कॅल्शियम तपासलं, ते ठीक आलं. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व चालूच ठेवलं.

मध्ये एकदा उजव्या मांडीत खोल, बोथट दुखू लागलं. चालताना जास्त. मांडीचं ते विचित्र फ्रॅक्चर होण्याआधी आठवडे-महिने असंच दुखतं, हे माहीत असल्यामुळे वाट पाहिली नाही. डॉक्टरांनी दोन्ही मांड्यांचे एक्स-रे काढायला सांगितले, कारण एका बाजूला तडा असला की दुसरीकडेही असू शकतो. काही निघालं नाही, दुखणं कमरेतून येत होतं. तरीही जांघ किंवा मांडी दुखली तर हे औषध घेणाऱ्याने ती बाम लावून दाबू नये.

काही वर्षांनी खुब्याचा टी-स्कोअर उणे २.५ च्या वर आला, नवं फ्रॅक्चर नव्हतं. तेव्हा बाहेर पडायचं ठरलं. शेवटच्या इंजेक्शनला सहा महिने होताच, हाड एकदम झिजू नये म्हणून, झोलेड्रोनिक ॲसिडचं सलाइन, असा बेत. डेनोसुमॅब जितकी जास्त वर्षं घेतलेलं, तितकी हे एक सलाइन पुरण्याची खात्री कमी, हेही आधीच सांगितलं होतं. किडनी पुन्हा तपासली. ती ठरावीक मर्यादेखाली असेल तर हे देत नाहीत. आदल्या दिवसापासून भरपूर पाणी प्यायले. सलाइन पाऊण तास ठेवलं होतं, घाई केली नाही. दुसऱ्या रात्री ताप चढला, अंग असं दुखलं की कूस बदलवेना. पहिल्यांदा घेणाऱ्या साधारण तीनांतल्या एकाला असं होतं, आणि बहुतेकांचं तीन दिवसांत ओसरतं. माझंही पॅरासिटामॉलवर ओसरलं.

आता दर काही महिन्यांनी सकाळी उपाशीपोटी सीटीएक्स नावाची रक्ततपासणी होते. हाड किती वेगाने झिजतंय ते तिच्यावरून कळतं. पहिले आकडे खाली होते, ताजा थोडा वर सरकलाय. डॉक्टरांनी वर्ष पूर्ण व्हायची वाट न पाहता डेक्सा लावलाय. त्यात घनता घसरलेली दिसली तर दुसरं सलाइन लगेच द्यायचं, असं आमचं ठरलं आहे.