चिंचोके, मनी आणि 'नक्की ना?'

वयाच्या ४२व्या वर्षी मी मानसशास्त्राच्या पदवीला नाव घातलंय. संध्याकाळच्या शिकवण्या आटोपल्या की रात्री अभ्यास. गेल्या आठवड्यात मुलांची समज कशी वाढते हे सांगणाऱ्या मानसशास्त्रज्ञ पियाजेचं प्रकरण चालू होतं आणि नेमका भाचा बंड्या सुट्टीला आलेला. वय पाच. असा योग परत कधी यायचा?

फरशीवर चिंचोक्यांच्या दोन ओळी मांडल्या, सहा-सहाच्या, समोरासमोर. "दोन्हीकडे सारखे आहेत, की एकीकडे जास्त?"

"सारखे."

मग त्याच्यादेखत खालची ओळ लांब पसरवली आणि तोच प्रश्न विचारला. बंड्याने चिंचोक्यांकडे पाहिलंच नाही. माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि खालच्या ओळीवर बोट ठेवलं. "ही जास्त."

अगदी पुस्तकातल्यासारखं! जिनिव्हाचे ज्याँ पियाजे म्हणतात, साधारण सात वर्षांपर्यंत मूल दिसण्याला भुलतं. मांडणी बदलली तरी संख्या तीच राहते हे त्याला उमगत नाही. मी खुशीत वहीत टिपून घेतलं.

आई शेंगा सोलत बसली होती. "अगं, सारखे म्हणाला होता ना तो? मग परत कशाला विचारलंस? त्याला वाटलं, चुकलं आपलं."

आई सातवी शिकलीय. आणि नेमकी हीच शंका सत्तरच्या दशकात मार्गारेट डोनाल्डसन आणि जेम्स मॅक्गॅरिगल या मानसशास्त्रज्ञांना आली होती. त्यांनी ओळ विस्कटायचं काम एका खोडकर खेळण्यातल्या अस्वलाला दिलं. अस्वलाने घोळ घातला, की चार ते सहा वर्षांची कितीतरी जास्त मुलं "सारखेच" म्हणाली. मोठ्या माणसाने मुद्दाम काही हलवून पुन्हा विचारलं, तर मूल अर्थ काढतं की याला वेगळं उत्तर हवंय. (अस्वलाच्या गमतीत मुलांचं ओळीकडे लक्षच राहिलं नसेल, असा आक्षेपही पुढे आला. तोही पटण्यासारखा आहे.)

आमच्याकडे अस्वल नाही, मनी आहे. दुसऱ्या दिवशी तिला सोडलं, तर बया ओळीवर पसरून झोपलीच. शेवटी शेपटीने चार चिंचोके उडवले तेव्हा मी विचारलं. बंड्या वैतागला. "सारखेच आहेत गं मावशी! मनीने नुसते ढकलले."

एक मूल, एक मांजर, आणि प्रश्न कालचाच. याला प्रयोग म्हणायची माझी हिंमत नाही.

पण त्या संध्याकाळी शिकवणीत चौथीतल्या एका मुलीने पाटीवर आठ सत्ते छप्पन्न लिहिलं. पुढचं गणित घालता घालता, सवयीने, माझ्या तोंडून गेलं, "नक्की ना?"

मी मान वर करेपर्यंत तिने छप्पन्न पुसून चोपन्न केलं होतं.