आमची वाटचाल: मिरकरवाड्याच्या लेथपासून चेन्नईच्या ग्रिडपर्यंत

नॅशनल मोटरसायकल रेसिंगच्या सीझनचा पहिला राउंड झाला, आम्ही चेन्नईहून परत आलो, आणि तेव्हापासून फोनवर जो तो एकच विचारतोय की काय झालं, पोरं कितवी आली. म्हणून एकदाच सगळं नीट लिहून काढतो. आम्ही ज्यांना स्पॉन्सर करतो त्या तिघांपैकी वेंगुर्ल्याची पोरगी पोडियमवर उभी राहिली, तिसरी आली. चिपळूणचा पोरगा नोव्हिसमध्ये, म्हणजे नवख्यांच्या गटात, पहिल्या दहात आला. देवगडवाला शनिवारी पडला, पण रविवारी परत ग्रिडवर, म्हणजे रेसच्या सुरुवातीच्या रांगेत, होता आणि बारावा आला. माझ्यासाठी ह्या तिन्ही बातम्या सारख्याच मोठ्या आहेत, का ते पुढे येईलच.

आधी आमच्याबद्दल, कारण बरेच जण विचारतात की रत्नागिरीत रेसिंगचं काम कुठून आलं. बाबांचा मिरकरवाडा बंदराजवळ एक लेथ होता, फक्त एक. काम सगळं बोटींचं. घासलेला शाफ्ट भरून परत टर्न करायचा, पंख्याचा बुश बदलायचा, विंचचा ड्रम, कपलिंगचे बोल्ट, जे येईल ते. बोटीचं डिझेल इंजिन तासन् तास थरथरत असतं आणि वर खारं पाणी, त्यामुळे दोन गोष्टी मी शाळेत असतानाच शिकलो, एक म्हणजे ३०४ चं स्टेनलेस बंदरावर डाग धरतं आणि ३१६ टिकतं कारण त्यात मॉलिब्डेनम असतं, आणि दुसरी म्हणजे कितीही आवळलेला बोल्ट थरथरून सैल होऊ शकतो. बाबा कपलिंगच्या प्रत्येक बोल्टच्या डोक्याला भोक पाडायचे आणि दोन दोन बोल्टांमधून तार घालून पिळून द्यायचे. नाखवानं मागितलेलं नसायचं, त्याचे वेगळे पैसेही नसायचे. तार घालायची पण एक दिशा असते, बोल्ट सैल व्हायला लागला तर तारेनं त्याला आवळायच्याच बाजूला ओढलं पाहिजे, उलट घातली तर नुसती शोभा. माझ्याकडून त्यांनी ही तार इतक्या वेळा पिळून घेतलीय की आजही हात आपोआप बरोबर बाजूला वळतो.

बाईकचं काम नंतर आलं. सागरी महामार्गानं गोव्याला जाणारे बायकर वाढले, कुणाचा लगेज रॅक तुटलेला, कुणाचा क्रॅश गार्ड वेल्डिंगमधून सुटलेला, कुणाचे फुटरेस्टचे आटे गेलेले, आणि ते विचारत विचारत आमच्या दुकानात यायचे. आम्ही दुरुस्त करून द्यायचो. मग दुरुस्त करता करता कळायला लागलं की ही वस्तू नेहमी ह्याच ठिकाणी तुटते, मग आपणच नवीन बनवली तर? तिथून आमचे स्वतःचे रॅक, मग पाय ठेवायचे फुटपेग, मग चाक उचलून बाईक उभी करायचे पॅडॉक स्टँड. मिरजोळे एमआयडीसीत छोटा गाळा घेतला, कर्ज काढून सेकंडहँड व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग) मशीन आणलं. ॲल्युमिनियमची दोन ग्रेड घेऊन, ६०६१ आणि ७०७५, त्यांचे तुकडे आम्ही एक पूर्ण पावसाळा जेटीवर टांगून ठेवले होते. ७०७५ ताकदीला भारी, पण उघडं ठेवलं तर खाऱ्या हवेत त्यावर पांढरी भुकटी येते आणि खड्डे पडतात, ६०६१ त्या मानानं बरंच तग धरतं. तेव्हापासून ७०७५ चा एकही पीस ॲनोडायझिंग (वर संरक्षक ऑक्साइडचा थर चढवणं) केल्याशिवाय आमच्याकडून बाहेर जात नाही, त्यासाठी माल आंबा घाटातून कोल्हापूरला जातो आणि परत येतो, खर्च वाढतो, गिऱ्हाईक कधी कधी कुरकुरतं, तरी चालेल.

रेसिंगशी गाठ पडली ती चिपळूणच्या पोरामुळे. २२ जुलै २०२१ चा पूर चिपळूणकर आयुष्यभर विसरणार नाहीत. ह्याच्या वडिलांचं गॅरेज पार पाण्याखाली गेलं, गिऱ्हाइकांच्या बाईक चिखलात. आम्ही रत्नागिरीहून टेम्पो घेऊन गेलो, पाणी, बिस्किटं, आणि हत्यारं. पुरातल्या इंजिनाला कधीही डायरेक्ट स्टार्टर मारायचा नसतो, सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी प्लग काढायचा, ऑइल काढून टाकायचं, इंजिन हातानं फिरवून पाणी बाहेर काढायचं. हे सगळं त्या पोराला पाठ होतं, वय अठराच्या आतबाहेर, पण चिखलात बसून एकेक इंजिन शांतपणे उघडत होता आणि प्रत्येक बाईकचे नटबोल्ट वेगळ्या डब्यात, डब्यावर नंबर. संध्याकाळी म्हणाला, "दादा, मला ट्रॅकवर रेस करायचीय." तोवर तो सड्यावर, जांभ्याच्या कातळावर बाईक पळवायचा, डर्टच्या लोकल रेसमध्ये. मी त्याच दिवशी ठरवलं की ह्याला जे लागेल ते जमेल तेवढं द्यायचं. देवगडवाला त्याचा दोस्त, तो मागोमाग आला. आणि वेंगुर्ल्याच्या पोरीला तिच्या मामानं आणलं. २०१९ ला बेंगळुरूच्या रायडर ऐश्वर्या पिस्सेनं बाहा वर्ल्ड कपमध्ये (कच्च्या रस्त्यांवरच्या रॅलींची स्पर्धा) महिलांचा किताब जिंकला त्या बातमीचं कात्रण तिच्या पाकिटात होतं, ते तिनं मला दाखवलं, बाकी काही बोलली नाही.

स्पॉन्सर म्हटलं की लोकांना वाटतं मोठा चेक. आमच्यासारख्या छोट्या फर्मचं स्पॉन्सरिंग म्हणजे पार्ट, मजुरी, टेम्पो, डिझेल, एंट्री फीमधला वाटा आणि पडल्यावर परत बाईक उभी करून द्यायची हमी. लेदर सूट, हेल्मेट, ग्लोव्ह्ज हे महागडं असतं आणि त्यात तडजोड नाही, ते आम्ही थोडे थोडे करून घेतले.

आता अडचण बघा. १ जून ते ३१ जुलै आपल्याकडे मासेमारी बंदी, बोटी वर काढून शाकारलेल्या असतात, म्हणजे बोटींच्या दुरुस्तीचा आमचा वर्षातला सगळ्यात जोराचा सीझन. आणि रेसिंगचा पहिला राउंडही जूनमध्येच. शाफ्टांची रांग लागलेली असताना मी तीन पोरं घेऊन चेन्नईला निघालो. ज्यांचं काम थांबलं होतं त्यातल्या एका नाखवानं, आम्ही त्यांना चाचा म्हणतो, मला बोलावून घेतलं. मला वाटलं आता बोलणी बसणार. चाचांनी टायरसाठी म्हणून पैसे हातात ठेवले आणि म्हणाले, "आमची बोट नारळी पुनवेला लागेल, तू जाऊन ये. पोरगी कितवी येते ते मात्र पहिलं मला सांग."

रस्ता तसा सोपा. कोल्हापूरला ४८ नंबरचा हायवे पकडला की बेळगाव, हुबळी, चित्रदुर्ग, बेंगळुरू, वेल्लोर करत तोच हायवे थेट इरुंगट्टुकोट्टईला ट्रॅकजवळ सोडतो, चेन्नई शहरात शिरावंच लागत नाही. घरून निघताना मृगाचा पाऊस कोसळत होता आणि तिकडे उतरलो तर डांबरावरून वाफा. ट्रॅकचं नाव आता मद्रास इंटरनॅशनल सर्किट, जुने लोक अजून एमएमआरटीच (मद्रास मोटर रेस ट्रॅक) म्हणतात. ३.७१७ किलोमीटरचा लॅप, १२ वळणं. हा ट्रॅक १९९० चा, त्याआधी मद्रासच्या रेस शोलावरमला युद्धाच्या काळातल्या जुन्या धावपट्टीवर व्हायच्या. आमच्या पोरांनी आजवर बघितलेला सगळ्यात रुंद रस्ता हाच असेल.

स्क्रूटिनीला, म्हणजे रेसआधीच्या बाईक तपासणीला, मी स्वतः बाईकजवळ उभा होतो. नोव्हिस आणि मुलींच्या १६५ सीसी स्टॉक क्लासमध्ये बाईक जवळपास कंपनीतून आली तशीच ठेवायची असते, फार हात लावता येत नाही. पण ऑइलचा ड्रेन बोल्ट आणि फिलर कॅप ह्यांना लॉक वायर लागतेच, कारण एका बाईकचं ऑइल ट्रॅकवर सांडलं तर मागचे सगळे त्यावर घसरतात. म्हणजे बोल्टच्या डोक्याला भोक, त्यातून तार, आवळायच्या दिशेनं पीळ. तपासणाऱ्यानं बोट लावून तार ओढून बघितली, मान हलवली आणि पुढच्या बाईककडे गेला. बाबा त्या वेळी तिथे असायला हवे होते, एवढंच वाटलं. घरी फोन करून सांगितलं, तर विचारतात, "तार कितीची वापरलीस?"

रेसचं सांगतो. पोरीनं क्वालिफाइंगला, म्हणजे सुरुवातीची जागा ठरवणाऱ्या फेरीत, पाचवी जागा काढली. पहिली रेस चौथी, तिसरीच्या अगदी मागे. रात्री ती जेवलीच नाही नीट, एका वळणाबद्दल बोलत राहिली की मी तिथे ब्रेक लवकर धरते, का धरते, डर्टची सवय आहे, डर्टवर मागचं चाक सरकणार हे गृहीत धरून आधीच वेग कमी करतो आपण, इथे टायर धरून ठेवतो तर विश्वास ठेवायला पाहिजे. रविवारी तिनं ठेवला. शेवटच्या दोन लॅपमध्ये त्याच वळणावर आतून गेली आणि तिसरी आली. मी पिट वॉलवर ओरडून ओरडून घसा बसवून घेतला. चाचांना फोन लावला तर मागे जेटीवरची माणसं ओरडताना ऐकू येत होती.

चिपळूणचा पोरगा पहिल्या रेसला अकरावा, दुसऱ्या रेसला आठवा. त्याचा स्टार्ट अजून कच्चा आहे, क्लच सोडताना घाबरतो आणि पहिल्या वळणापर्यंत चार-पाच जण पुढे जातात, मग उरलेली रेस तो एकेकाला गाठण्यात घालवतो. वेग आहे पोरात. बाकी शिकता येतं.

देवगडवाल्याबद्दल मला जास्त लिहायचंय कारण त्याच्या बाईकवर आमचं काम जास्त होतं. तो प्रो-स्टॉक १६५ मध्ये, म्हणजे जिथे बाईकमध्ये जास्त बदल चालतात त्या गटात, तिथे फुटपेग आणि त्याचे ब्रॅकेट आमचे, मागचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) आमचं. शनिवारी पुढची बाईक घसरली आणि ह्याला जायला जागाच राहिली नाही. बाईक आडवी घासत खडीत गेली. पोराला खरचटलंसुद्धा नाही, पळत बाहेर आला, तेव्हा कुठे मी श्वास घेतला. बाईक आणल्यावर आधी ब्रॅकेट बघितलं. पेग तुटला होता, ब्रॅकेटचा बोल्ट कापला गेला होता, आणि फ्रेममधले आटे शाबूत. आम्ही डिझाइन तसंच केलं होतं, मार बसला तर स्वस्त वस्तूनं मोडायचं आणि फ्रेमला काही होऊ द्यायचं नाही, पण गाळ्यात हातोडा मारून बघणं वेगळं आणि ट्रॅकवर हे असं होणं वेगळं. नवीन बोल्ट, नवीन पेग, हँडल सरळ, लिव्हर बदलली, अंधार पडायच्या आत बाईक उभी. शेजारच्या पिटमधल्या टीमनं, तमिळ पोरं, ओळख ना पाळख, त्यांचा एक ब्रेक लिव्हर काढून दिला. पैसे घेतले नाहीत. रविवारी तो सगळ्यात मागून निघून बारावा आला.

तुटलेला पेग आणि कापलेला बोल्ट आता गाळ्यात टेबलावर आहेत. पेग जिथे तुटला ती जागा भिंगातून बघितली तर आतल्या कोपऱ्यापासून चीर सुरू झालीय, तिथला गोलवा वाढवायचा आणि खाच थोडी कमी खोल करायची असं ठरलंय. देवगडवाला म्हणतो सरळ पट्ट्यावर त्याचं इंजिन आधीच फुल आरपीएमला जातं, म्हणून मागचं स्प्रॉकेट एका दातानं लहान करून देतोय, वळणातून निघताना जोर थोडा कमी मिळेल पण सरळीत पुढचा गाठता येईल. चिपळूणच्या पोराला रोज संध्याकाळी एमआयडीसीच्या मोकळ्या प्लॉटवर, मालकाची परवानगी घेऊन, नुसते स्टार्ट करायला लावलंय. पोरगी कॉलेजची परीक्षा देऊन येतेय. आणि चाचांचा शाफ्ट उद्या लेथवर चढतोय, नारळी पुनवेला बोट पाण्यात जाणार म्हणजे जाणार.