व्हिस्लरच्या आईचं चित्र आणि करड्या रंगाचं गणित

आजचा दिवस या एका चित्राचा मोठा छापील नमुना समोर ठेवून मोजमापं घेण्यात गेला. अमेरिकी चित्रकार जेम्स व्हिस्लरने १८७१ साली लंडनमध्ये आपल्या आईला रंगवलं. मूळ चित्र पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे, सुमारे १४४ बाय १६२ सेंटिमीटर.

लोक चेहरा बघतात. आधी कडा बघा! भिंतीवरच्या उजवीकडच्या चित्राची चौकट काठावर कापलेली, डावीकडे पडदा सरळ खाली सोडलेला, भिंत सपाट. ही जपानी लाकूडठशांच्या चित्रांची शिकवण. भिंतीवरची मधली चौकट म्हणजे व्हिस्लरचंच लंडनच्या टेम्स नदीकाठचं एचिंग, म्हणजे आम्लाने कोरलेल्या धातूच्या पत्र्यावरून छापलेलं चित्र. ती झाकून पाहा, सगळा तोल बाईंच्या काळ्या पोशाखाकडे कलंडतो.

पॅरिसला चित्रकार ग्लेअरच्या स्टुडिओत व्हिस्लर शिकला की काळा हा सगळ्या छटांचा पाया, आणि रंग आधी पॅलेटवरच जुळवून घ्यायचे. सराव करणाऱ्यांनी हे जरूर पाळावं. भिंतीचा करडा एकदाच, पुरून उरेल इतका कालवा. मध्येच संपला तर दुसरा घाणा तंतोतंत जुळत नाही, ठिगळ दिसतं.

त्याचा रंग फार पातळ असे. पण रंग पातळ करायला नुसतं टर्पेंटाईन ओतत राहिलात तर तेलाची पकड सुटते, वाळल्यावर रंग भुकटीसारखा निघतो. थोडं जवसाचं तेल हवंच. कापड जास्त शोषणारं असेल तर काळा फिका, मेलेला दिसतो.

आणि पांढरा? टोपी, मनगटांवरची लेस, हातातला रुमाल. बाईंच्या अंगावर बस, एवढाच.