ओट्यावरचे गोल डाग

मार्बल-ग्रॅनाइट पॉलिशच्या कामात मला बरीच वर्षं झाली, पण या उन्हाळ्यातलं सिंहगड रोडचं एक काम अजून डोक्यातून जात नाहीये.

फोनवर मॅडमचा आवाज चढलेलाच होता. दादा, कामवाल्या मावशींनी ओट्यावर ॲसिड सांडलंय, सगळीकडे डाग पडलेत, खर्च किती येईल ते आधी सांगा, मला त्यांच्या पगारातून कापायचाय. गेलो तर मावशी सिंकपाशी भांडी घासत होत्या, मान खाली, डोळे लाल. मी नाही सांडलं हो, एवढंच परत परत म्हणत होत्या.

ओटा पांढऱ्या मकराना मार्बलचा. मी किचनची लाइट बंद केली आणि मोबाईलचा टॉर्च तिरपा धरला, कारण वरच्या उजेडात डाग कुठला आणि उडालेलं पॉलिश कुठलं हे कळतच नाही. तेलाचा, चहाचा डाग दगडात मुरतो, रंग बदलतो पण चकाकी तशीच राहते. इथं रंग जसाच्या तसा आणि चकाकी गेलेली, बोटाला किंचित खरखर. आणि आकार बघा ना, ॲसिड सांडलं असतं तर ओघळ आले असते, हे तर सगळे गोल, अर्ध्या लिंबाएवढे, आणि दोन मोठे, ग्लासाच्या बुडाएवढे!

मी विचारलं, सरबत कोण करतं? आजी आतून म्हणाल्या, मीच करते की रोज.

मग म्हणलं दाखवूनच देतो. सिंकसाठी कापलेला मार्बलचा तुकडा त्यांनी माळ्यावर जपून ठेवला होता, तो पुसून त्यावर अर्धं लिंबू उपडं ठेवलं, उरलेलं अर्धं माझ्या पिशवीतल्या काळ्या ग्रॅनाइटच्या तुकड्यावर. मार्बल म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, चुनखडीत असतं तेच, त्याला आंबट काहीही चालत नाही, लिंबू, चिंच, कोकम, टोमॅटो, व्हिनेगर, सगळं पॉलिश खातं. ग्रॅनाइटला लिंबाने सहसा काही होत नाही. दहा मिनिटांनी लिंबं उचलली, पुसलं. ग्रॅनाइट होता तसा, मार्बलवर मात्र ओट्यावरच्यासारखाच गोल.

कोणी काही बोललं नाही. मग मॅडम सिंकपाशी गेल्या आणि म्हणाल्या, मावशी, चुकलं माझं. मावशींनी नळ बंद केला आणि पदराने डोळे पुसले. मला खूप बरं वाटलं, खरंच.

काम संध्याकाळपर्यंत चाललं. खालच्या ड्रॉवरना प्लास्टिक चिकटवलं, पाणी मारत मारत डायमंड पॅड, म्हणजे हिऱ्याची भुकटी लावलेले घासायचे पॅड, जाड ४०० नंबरपासून बारीक ३००० पर्यंत, एकही नंबर गाळायचा नाही नाहीतर ओरखडे दिसतात, शेवटी पॉलिश पावडर. गॅसशेजारी तेलाच्या बाटलीचा एक खरा डाग होता, त्यावर खायचा सोडा पाण्यात घट्ट कालवून थापला, वरून प्लास्टिक, म्हणलं उद्या प्लास्टिक काढा आणि वाळू द्या, सोडा तेल ओढून घेतो, राहिलं तर परत करा. मॅडमनी विचारलं सीलर मारला की लिंबाचं टेन्शन नाही ना? असं बरेच जण समजतात, पण सीलर दगडाची छिद्रं बुजवून फक्त मुरणं कमी करतो, आंबटाने पॉलिश जायचं ते जातंच. रोज भांड्यांचं लिक्विड थोडंसं पाण्यात घालून मऊ फडक्याने पुसायचं, मग साधं पाणी, मग कोरडं, बस. व्हिडिओ बघून व्हिनेगर मारू नका, हे मी हात जोडून सांगतो.

निघताना मावशी जिन्यात थांबल्या होत्या. दादा, आमच्या घरी कडाप्पा आहे, त्याला चालतं का लिंबू?

नाही चालत मावशी, तोपण चुनखडीचाच दगड.

तरीच, म्हणाल्या, चिंच कोळते तिथं पांढरट झालंय, मी इतके दिवस घासून घासून काढायला बघतेय.

पुढच्या रविवारी पॅड घेऊन त्यांच्याकडे जाऊन आलो. दीड फुटाचा तर पट्टा होता, तासाभरात काळा झाला.