मायनस १.८

ओल्या फरशीवर पाय सटकला, सावरायला हात टेकवला आणि मनगट गेलं, एवढंच झालं. जिन्यावरून नाही, गाडीवरून नाही, उभ्या उभ्या पडले. आणि डॉक्टरांना नेमकं हेच खटकलं, कारण चांगलं हाड नुसतं उभ्या उंचीवरून पडल्यावर सहसा मोडत नाही. त्यात वय ४९, पाळी जाऊन दीड वर्ष झालेलं, त्यामुळे प्लास्टर ओलं असतानाच त्यांनी डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी टेस्ट, लिहून दिली.

टेस्टचं काही टेन्शन नाही हो, आडवं पडायचं, वरून मशीनचा दांडा सरकत जातो, दुखत-बिखत काही नाही. दुखतो तो रिपोर्ट. कंबरेच्या मणक्यांपुढे टी-स्कोअर मायनस १.८. म्हणजे निरोगी तरुण बाईच्या हाडांची जी सरासरी, तिच्यापेक्षा आपण किती खाली आहोत ते. मायनस १ पर्यंत नॉर्मल, तिथून मायनस २.५ पर्यंत ऑस्टिओपेनिया (हाडं जराशी विरळ), मायनस २.५ आणि त्याखाली ऑस्टिओपोरोसिस (हाडं ठिसूळ). या रेषा डब्ल्यूएचओने १९९४ मध्ये आखल्यात.

मी लगेच म्हटलं, बघा, हाडं झिजली माझी. तर डॉक्टर म्हणाले, "झिजली कशावरून? कदाचित आधीच तेवढी भरली नसतील."

हे वाक्य काही डोक्यातून जाईना. कारण आपण हाडांबद्दल बोलतो ते कायम झिजण्याचंच बोलतो, भरण्याचं कोण बोलतं? हाड म्हणजे काही एकदा बांधून ठेवलेली भिंत नाही, आत सतत काम चालू असतं, एक टोळी जुनं हाड कुरतडत जाते (ऑस्टिओक्लास्ट) आणि तिच्या मागून दुसरी नवं भरत येते (ऑस्टिओब्लास्ट), आणि असं करत मोठ्या माणसाचा साधारण १० टक्के सांगाडा दरवर्षी नवा होतो. लहानपणी आणि तरुणपणी भरणारी टोळी पुढे असते, त्यातही वयात येतानाची चार-पाच वर्षं म्हणजे नुसती धावपळ. विशीपर्यंत जवळपास ९० टक्के काम झालेलं असतं, तिशीच्या आसपास शिखर येतं, आणि नंतर हळूहळू कुरतडणारी टोळी पुढे जाते. म्हणजे आज माझा आकडा कमी आहे तो शिखरच बुटकं होतं म्हणून, की मी शिखरावरून भराभर उतरतेय म्हणून, हे एका स्कॅनवरून कळतच नाही!

मग काय, प्लास्टरमधला हात उशीवर ठेवून मी स्वतःचा इतिहास उकरायला बसले.

अनुवंशिकता मोठी गोष्ट आहे, शिखर किती उंच होणार हे ६० ते ८० टक्के तिथेच ठरतं म्हणतात. आईची उंची शेवटी शेवटी कमी झाली होती, पाठीला बाक आला होता, आम्ही सगळे म्हणायचो वय झालं. मणका न पडतासुद्धा पिचकू शकतो आणि कधीकधी दुखतही नाही, हे तेव्हा कुणाला माहीत. पण मग ताई? आई तीच, वय माझ्यापेक्षा तीन वर्षांनी जास्त आणि स्कोअर मायनस ०.४! फोनवर म्हणाली, "अगं मी दिवसभर दोरीवर उड्या मारायचे, तू कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसायचीस." ताईला टोमणा मारायचा होता, पण मुद्दा बरोबर आहे. हाडाला दणका लागतो. युलियस वोल्फ नावाच्या जर्मन सर्जनने १८९२ मध्येच मांडलं होतं की हाडावर जसा भार येतो तसं ते घडतं. टेनिस खेळणाऱ्यांच्या रॅकेटच्या हातातलं हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड असतं, आणि अंतराळवीरांचं खुब्याजवळचं हाड महिन्याला १ ते १.५ टक्के कमी होतं, कारण तिथे भारच नाही. आणि मी बाई दहा वर्षं नेमाने पोहतेय, सगळ्यांना ऐकवतेय. पोहणं हृदयाला उत्तम, पण वजन पाणी उचलतं, हाडाला निरोपच जात नाही.

पण खरी गोष्ट हॉस्टेलमधली. एकोणीसाव्या वर्षी बारीक व्हायचं खूळ होतं, जेवण अर्ध्यावर आणलं, आणि आठ महिने पाळी आली नाही. मी खूश होते, कटकट गेली म्हणून! कुणाला सांगितलंही नाही. आता कळतंय की पाळी थांबली म्हणजे इस्ट्रोजेन खाली गेलं होतं आणि कुरतडणाऱ्या टोळीला लगाम घालतं ते इस्ट्रोजेनच. ऐन भरायच्या वर्षांत मी लगाम सोडून दिला होता. आणि आता मेनोपॉजमध्ये तो कायमचाच सुटलाय, त्यानंतरच्या पाच-सात वर्षांत बायकांचं २० टक्क्यांपर्यंत हाड जाऊ शकतं.

बाकी कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, सिगरेट, दारू हे सगळ्यांना पाठ असतंच. जास्त दिवस घेतलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्या आणि थायरॉइड जास्त असणं, या दोन गोष्टी मात्र लोक डॉक्टरांना सांगायला विसरतात. आणि काचेच्या खिडकीतून येणाऱ्या उन्हात ड जीवनसत्त्व बनत नाही, मी रोज तिथेच बसायचे.

तर हॉस्टेलचे किती, पुस्तकांचे किती, आईकडून किती, याचा हिशोब आता लागणार नाही, विसाव्या वर्षीचा स्कॅन कुठेय? दोन वर्षांनी परत करायचाय, शक्यतो त्याच मशीनवर, म्हणजे उतार किती आहे ते तरी दिसेल. एकदा मोडलं की पुन्हा मोडण्याचा धोका साधारण दुप्पट होतो, त्यामुळे औषधाचंही बोलणं चाललंय.

मुलगी सतरा वर्षांची आहे, भरपूर धावते आणि चिमणीसारखं खाते. काल विचारलं, शेवटची पाळी कधी आली गं? म्हणाली, "आई, मनगट तुझं मोडलंय, माझं काय काढतेस?" मग मोबाईलमध्ये बघून तारीख सांगितली. तीन महिन्यांपूर्वीची.