संत्र्याच्या सालींची बरणी

२८ मे. नवतप्याचा, म्हणजे उन्हाळ्यातल्या त्या नऊ कडक दिवसांतला, चौथा दिवस.

सकाळी साडेसहालाच अंगण तापलं होतं. कूलरच्या टाकीत पाइप सोडायचा आणि चहा ठेवायला आत जायचं, अशी माझी कित्येक उन्हाळ्यांची सवय. पाणी वाहून फाटकापर्यंत गेलं की धावत जाऊन नळ बंद करायचा. यंदा एप्रिलपासून पाइप गुंडाळून माळ्यावर टाकलाय, बादलीनं भरते. सकाळी तीन, दुपारी दोन, रात्री झोपताना पुन्हा दोन. कंबर दुखते, खोटं कशाला लिहू. पण कूलर दिवसाला सात बादल्या पाणी पितो, हे इतकी वर्षं संसार करून मला ठाऊक नव्हतं. पेंच नदीवरच्या नवेगाव खैरी धरणातून नागपुरात आपल्या नळापर्यंत येणारं पाणी मी अंगणात सोडत होते, याचं आज खरंच वाईट वाटतं.

आरओतून वाया जाणारं पाणीही आता एका टबात साठवते. सुरुवातीला तेच तुळशीला घालत गेले. महिन्याभरात पानांच्या कडा करपल्या, मातीवर पांढरा थर आला. त्या पाण्यात क्षार फार असतात, ते कुंडीत साचत जातात. कूलरमध्येही ते घालत नाही, ताट्यांवर खार बसतो. आता ते फक्त फरशी पुसायला आणि भांड्यांच्या पहिल्या विसळणीला. तुळस नवी लावली, ती धरली आहे.

मुलाच्या खोलीत एसी आहे. ४५ अंशांत शिकणाऱ्या पोराला मी काय सांगणार? भांडले नाही. २६ वर ठेव आणि सोबत पंखा लाव, एवढंच म्हटलं. दीड टनाचा एसी चालू असताना साधारण १५०० वॅट घेतो, कूलर दोनशेच्या आसपास. सावनेरकडे जाताना कोराडीच्या वीज केंद्राची धुराडी दिसतात. तिथे काय जळतं आणि का जळतं, ते त्याला शाळेपासून माहीत आहे. कालपासून बाहेर जाताना बटण स्वतःहून बंद करतो.

संध्याकाळी गोकुळपेठेत भाजीला गेले. नेहमीच्या मावशींनी सवयीनं विचारलं, "पन्नी देऊ का जी ताई?" मी आईच्या जुन्या सुती लुगड्याची शिवलेली थैली पुढे केली. त्यांनी कापड बोटांत धरून पाहिलं, "लय मऊ आहे वं," म्हणाल्या आणि सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी वरून अलगद ठेवली. २०१८ पासून राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, तरी त्या हातगाडीखालून निघतातच. मावशींना दोष देववत नाही. गिऱ्हाईक रिकाम्या हातानं येतं, तर त्या बिचाऱ्या काय करतील? थैली माझ्या खांद्याला असणं ही माझी जबाबदारी.

आणि आज बरणी उघडली! फरशी पुसायचं आंबवण घरीच करायचं म्हणून २५ फेब्रुवारीला मृग बहाराच्या, म्हणजे पावसाळ्यात फुललेल्या झाडांच्या, संत्र्यांच्या साली भरून ठेवली होती. ३०० ग्रॅम साली, १०० ग्रॅम गूळ, एक लिटर पाणी. बरणी मुद्दाम प्लास्टिकची घेतली, कारण आत वायू धरतो आणि काच फुटू शकते. पहिला महिना रोज रात्री झाकण सैल करायचं. फस्स आवाज यायचा, आंबूस वास नाकात शिरायचा. कधी साली वर तरंगायच्या, त्या चमच्यानं खाली दाबायच्या. महिना झाला आणि आवाज मंदावला. आज साली तळाशी बसल्या होत्या आणि पाणी काळ्या चहासारखं झालं होतं. जुन्या पंचातून गाळलं. बादलीभर पाण्यात अर्धी वाटी घालून स्वयंपाकघर पुसलं. ओट्याखालचा तेलकट चिकटपणा गेला. मोरीत फिनेल ओतताना डोळे चुरचुरायचे, तसं काही झालं नाही. घरभर संत्र्याचा वास आहे, मे महिन्यात!

उरलेला चोथा मागच्या अंगणातल्या खताच्या माठात टाकला, वर सुकी पानं पसरली. ओला कचरा भांडेवाडीच्या कचरा डेपोत जाऊन ढिगाखाली हवेविना कुजला की मिथेन होतो. माठात भोकं आहेत, आठवड्यातून एकदा काठीनं वरखाली करते, त्यामुळे वास येत नाही.

बरणी धुऊन गच्चीवर पालथी घातली आहे. अंबिया बहाराची संत्री दिवाळीच्या सुमारास बाजारात येतील. तोवर लिंबाच्या साली जमवते. आज चार लिंबांच्या निघाल्या.